पोट शांत झालं आणि पायावर डाग उठले : माझा व्हॅस्क्युलायटिसचा अनुभव

मोजे काढताना पहिल्यांदा दिसले. दोन्ही पायांवर, घोट्याच्या जरा वर, जिथे मोज्याचं इलॅस्टिक रुततं तिथे टाचणीच्या डोक्याएवढे लालजांभळे ठिपके, ओळीने. हात फिरवला तर नुसता रंग नव्हता, बोटाला लागत होते, बारीक उंचवटे होते. खाज अजिबात नाही, किंचित चुरचुर. माझं काम दिवसभर उभं राहून करायचं, त्यामुळे इलॅस्टिक घट्ट असेल, तिथे रक्त साकळलं असेल असं म्हणून मी विषय मिटवला.

पण मनात मला तेव्हाच शंका आली होती आणि ती मी तीन आठवडे कुणाजवळ बोलले नाही, हे आधीच लिहून टाकते कारण पुढचं बरंच काही त्यामुळे वाढलं.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. सहा वर्षं झाली. ज्यांना हा आजार आहे त्यांना वेगळं सांगायला नको, दिवसातून बारा-पंधरा वेळा संडास, त्यात रक्त, रात्री तीन-तीनदा उठणं, बाहेर पडायचं तर आधी टॉयलेट कुठे आहे ते बघायचं आणि मग बाकीचं ठरवायचं. मेसालामाइन झालं, स्टिरॉइड दोनदा झाले, अझाथायोप्रिन सुरू केलं तर तिसऱ्याच आठवड्यात स्वादुपिंडाला सूज आली आणि ते बंद करावं लागलं. मग गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी अडालिमुमॅब सुचवलं. हे बायोलॉजिक औषध, शरीरात टीएनएफ नावाचं जे प्रथिन सूज भडकवतं त्याला पकडून निकामी करतं. आधी टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी, मग पहिल्या दिवशी १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, आणि पुढे दर दोन आठवड्यांनी ४०, पेनसारखं इंजेक्शन येतं ते मांडीत किंवा पोटावर आपलं आपणच टोचायचं.

अडीच महिन्यांत रक्त थांबलं. कॅलप्रोटेक्टिन म्हणून संडासची टेस्ट असते, आतड्यात सूज किती आहे ते कळतं, ती हजाराच्या वर होती ती शंभराच्या खाली आली. मी रात्री सलग झोपायला लागले. चार तासांचा प्रवास केला आणि उतरल्यावर लक्षात आलं की अख्ख्या प्रवासात मला टॉयलेटची आठवणच झाली नाही, तेव्हा मला रडू आलं होतं. असे चौदा महिने गेले. त्यामुळे पायावर डाग दिसले तेव्हा डोक्यात पहिलं काय आलं असेल तर हे, की हे त्या इंजेक्शनमुळे असेल तर ते बंद करतील. म्हणून मी गप्प बसले, लांब सलवारी घालायला लागले आणि दुखणं अंगावर काढलं.

मधल्या काळात इंजेक्शनची तारीख आली, मी घेतलं. दोन दिवसांनी ठिपक्यांचा नवा घोस आला, आता पोटरीपर्यंत. घोटे दुखायला लागले, सकाळी पाय टेकवताना कळ यायची, त्यावर मी घरात होती ती दुखण्याची गोळी घेतली, एक नाही, जवळजवळ रोज. तेव्हाच मी एक गोष्ट सुरू केली, साध्या बॉलपेनने डागांभोवती गोल काढायचे. रात्री काढायचे आणि सकाळी बघायचं की गोलाच्या बाहेर नवीन काही आलंय का. यायचेच. ज्या दिवशी जास्त उभं राहावं लागलं त्या रात्री जास्त.

शेवटी माझ्या धाकट्या भावाने बघितलं. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते, सलवार जरा सरकली आणि त्याला ते पेनाचे गोल दिसले. तो म्हणाला, "ताई, हे काय आहे? आणि हे गोल कुणी काढले?" मी काहीतरी उडवाउडवी केली. त्याने काही न बोलता एक काचेचा ग्लास आणला आणि डागावर दाबला. साधी लाली असेल तर दाबल्यावर फिकी पडते, रक्त रक्तवाहिनीतून बाजूला होतं म्हणून. माझे डाग काचेखाली तस्सेच्या तस्से, गडद. म्हणजे रक्त रक्तवाहिनीच्या बाहेर त्वचेत उतरलेलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तू उद्या डॉक्टरांकडे येतेयस, मी रजा टाकतो."

पहिल्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या आणि पाच दिवसांनी या म्हणाले. यात मला त्यांचा फार राग नाही, पण मी कुठलं इंजेक्शन घेते हे मी त्यांना आपणहून सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही, दोन्ही बाजूंनी चुकलं. पाच दिवसांत डाग एकमेकांत मिसळून नाण्याएवढे चट्टे झाले आणि डाव्या घोट्याजवळ एकावर काळसर पाण्याचा फोड आला. तेव्हा मात्र मी सरळ माझ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना फोटो पाठवले आणि त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावलं.

त्यांनी पाय बघितले, मग मला वेगळेच प्रश्न विचारायला लागले. ताप आहे का, हातपायांना मुंग्या किंवा एखादा पाय उचलायला जड जातो का, खोकल्यातून रक्त, डोळे लाल, पोटात कळ, संडासला काळं किंवा लाल, लघवीचा रंग चहासारखा झालाय का, फेस येतो का. मला वाटलं त्वचेचं दुखणं आहे, लघवीचा काय संबंध. त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. व्हॅस्क्युलायटिस म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला सूज. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्या तर त्या झिरपतात आणि असे डाग दिसतात, पायावर जास्त कारण उभं राहिल्यावर रक्ताचा दाब तिथे सगळ्यात जास्त असतो. पण बारीक रक्तवाहिन्या फक्त त्वचेत थोड्याच असतात, किडनीच्या गाळणीत आहेत, आतड्यात आहेत, नसांना रक्त पुरवणाऱ्या आहेत. त्वचेवरचं दिसतं, आतलं शोधावं लागतं.

मग मी विचारलं, आणि आवाज बहुतेक कापला माझा, की हे इंजेक्शनमुळे आहे का. ते म्हणाले, "असू शकतं. पण आधी बाकीचं सगळं बघायला लागेल, तुम्ही घाई करू नका आणि मीही करणार नाही. मात्र पुढचं इंजेक्शन आता घेऊ नका." 

कारणं किती असू शकतात हे त्या आठवड्यात कळलं. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी काही लोकांना व्हॅस्क्युलायटिस होतो, आणि तो औषध सुरू केल्या केल्या होतो असं नाही, महिन्यांनी किंवा वर्षांनीही होतो. एक विचार असा आहे की शरीर त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवतं, दोन्ही एकमेकांना चिकटून गुठळे होतात आणि ते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकून तिथे सूज पेटते. मला हे फार विचित्र वाटलं कारण हीच औषधं काही दुसऱ्या प्रकारच्या व्हॅस्क्युलायटिसवर उपचार म्हणूनही देतात, ताकायासु किंवा बेशेटसारख्या आजारात. पण औषधच दोषी असेल असंही नाही. कोलायटिस असलेल्यांना आजाराचाच भाग म्हणूनही रक्तवाहिन्यांची सूज येऊ शकते. आणि इन्फेक्शनने येऊ शकते, हिपॅटायटिस बी किंवा सी, हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन. माझी प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली, त्यामुळे इन्फेक्शन नाही हे नक्की झाल्याशिवाय स्टिरॉइड द्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. मला तेव्हा तो उशीर वाटला, आता पटतं.

रक्ताच्या किती बाटल्या काढल्या मोजल्या नाहीत. प्लेटलेट नॉर्मल आल्या, म्हणजे डाग प्लेटलेट कमी झाल्यामुळे नाहीत. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट, वाढलेली. ब्लड कल्चर, हिपॅटायटिस, एचआयव्ही सगळं निगेटिव्ह. एएनए पॉझिटिव्ह आलं आणि पी-एएनसीएही पॉझिटिव्ह (दोन्ही स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्ट), आणि मी रिपोर्ट हातात आल्या आल्या मोबाईलवर शोधत बसले आणि रात्रभर ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आणि काय काय वाचत राहिले. सकाळी डॉक्टर म्हणाले की टीएनएफची औषधं घेणाऱ्यांमध्ये एएनए बऱ्याच जणांचं पॉझिटिव्ह येतं, तेवढ्यावरून ल्युपस म्हणत नाहीत. आणि पी-एएनसीए तर अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या कितीतरी पेशंटमध्ये रक्तवाहिन्यांचा काहीही आजार नसताना पॉझिटिव्ह असतं, म्हणून त्याच्या पुढच्या एमपीओ आणि पीआर३ या नेमक्या टेस्ट बघायच्या. त्या दोन्ही निगेटिव्ह. ज्यांच्या हातात असे रिपोर्ट पडतील त्यांनी माझ्यासारखी ती रात्र घालवू नये म्हणून हे एवढं लिहिलं.

आता बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं. स्किनच्या डॉक्टर बाई होत्या, खूप शांत. त्यांनी पाय दिव्याखाली घेतला आणि माझे पेनाचे गोल बघून थांबल्या. विचारलं, "हे तुम्ही काढलेत? रोज?" मी हो म्हटलं, जरा लाजले. तर त्या म्हणाल्या की हे फारच कामाचं आहे, कारण बायोप्सीसाठी ताजा डाग लागतो, एक-दोन दिवसांचा, जुन्या डागात खुणा पुसल्या जातात आणि रिपोर्ट काहीच सांगत नाही. कुठला ताजा हे पेशंटला सहसा सांगता येत नाही. मी आदल्या रात्री गोल काढले होते, त्याच्या बाहेर पोटरीवर दोन नवीन होते, तेच घेतले. भूल देण्याच्या सुईची आग झाली तेवढीच, मग पेन्सिलच्या मागच्या टोकासारखं गोल पातं असतं, ४ मिलिमीटरचं, ते फिरवून दोन तुकडे काढले, एकेक टाका. एक तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत, दुसरा वेगळ्या द्रावणात, कारण त्याची इम्युनोफ्लुरेसन्स टेस्ट, म्हणजे चिकटलेल्या अँटिबॉडी चमकवून बघणारी, करायची असते आणि फॉर्मेलिनमध्ये टाकला तर ती होत नाही. त्यांनी स्वतः दोन्ही बाटल्यांवरची लेबलं परत वाचली. पायाची जखम भरायला वेळ लागतो म्हणून टाके दोन आठवड्यांनी काढले.

रिपोर्ट आला ल्युकोसायटोक्लास्टिक व्हॅस्क्युलायटिस. तोंडात मावत नाही एवढं नाव, पण अर्थ सोपा आहे, रक्तवाहिनीच्या भिंतीत पांढऱ्या पेशी घुसून फुटल्या आहेत आणि त्यांच्या केंद्रकांचा चुरा तिथे पडलाय. दुसऱ्या तुकड्यात भिंतीवर आयजीए नावाची अँटिबॉडी चिकटलेली दिसली, म्हणजे माझा प्रकार आयजीए व्हॅस्क्युलायटिस. याला पूर्वी हेनॉक-शोनलाइन परप्युरा म्हणायचे, २०१२ च्या चॅपल हिल नामावलीत नाव बदललं. हा मुलांमध्ये जास्त दिसतो आणि बहुतेक मुलं त्यातून छान बरी होतात, मोठ्या माणसांत मात्र किडनीला लागण्याचा धोका जास्त असतो.

आणि माझ्या लघवीत ते निघालं. मला डोळ्यांना काही दिसत नव्हतं, रंग नेहमीचा, जळजळ नाही, काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक फील्डमध्ये २०-२५ लाल पेशी, त्यातल्या बऱ्याच वेड्यावाकड्या आकाराच्या, म्हणजे किडनीच्या गाळणीतून पिळवटून आलेल्या. प्रोटीनही होतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची टेस्ट, नॉर्मल, ०.८, हे त्यातल्या त्यात चांगलं. किडनीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की दुखण्याच्या गोळ्या घेतल्या का, आणि मी घेतलेल्या गोळ्यांचं नाव सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. ती गोळी किडनीला वाईट आणि कोलायटिसलाही भडकवणारी. मला कोलायटिसचं माहीत होतं खरं तर, सहा वर्षांत दहा वेळा ऐकलेलं, पण घोटे दुखत होते आणि मला कुणाला विचारायचं नव्हतं. त्या खोलीत मला जे वाटलं ते लिहिणं अवघड आहे. तीन आठवडे मी माझं आतड्याचं औषध वाचवत होते आणि तेवढे तीन आठवडे किडनी झिजवत होते.

किडनीची बायोप्सी लगेच नको, प्रोटीन वाढलं तर करू असं ठरलं. प्रोटीन कमी करण्यासाठी लोसार्टन सुरू झालं. फोड आलेला चट्टा उघडा पडला होता आणि सांधे दुखत होते त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम, सकाळीच घ्यायचं. आणि अडालिमुमॅब कायमचं बंद.

हे शेवटचं वाक्य डॉक्टर बोलले तेव्हा मी वाद घातला. डोस कमी करून बघू, अंतर वाढवून बघू, त्याच गटातलं दुसरं देऊन बघू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याच गटातलं दुसरं दिलं तरी हेच परत होऊ शकतं. आतड्यासाठी माझ्याकडे अजून तीन-चार औषधं आहेत. किडनीसाठी तेवढे पर्याय नाहीत." मी घरी येऊन फ्रिजमधलं उरलेलं एक पेन हातात घेऊन बराच वेळ बसले होते. बाहेरच्यांना वाटेल एवढं काय, औषधच तर आहे. पण ज्याने आपल्याला रात्रीची झोप परत दिली त्यानेच हे केलं हे मनाला पचत नाही, आणि उद्यापासून परत ते बारा वेळा सुरू झालं तर, ही भीती पोटात गोळ्यासारखी बसते.

औषध थांबवल्यावर डाग दुसऱ्या दिवशी जात नाहीत. अडालिमुमॅब शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे पहिले पंधरा-वीस दिवस नवीन ठिपके येतच होते, फक्त कमी कमी. मी गोल काढत राहिले, आता डॉक्टरांना दाखवायला. कामावरून रजा घेतली, पाय उशीवर, तासाभराच्या वर उभं राहायचं नाही. स्टिरॉइडने झोप उडाली, चेहरा सुजला, सगळ्यांवर चिडचिड झाली, आई बिचारी काही न बोलता शेजारी बसून राहायची. चौथ्या आठवड्यात पहिली सकाळ आली जेव्हा गोलाच्या बाहेर एकही ठिपका नव्हता. मी दोन्ही पाय फिरवून फिरवून बघितले, मग आईला बोलावून दाखवले.

नवीन औषध म्हणून वेडोलिझुमॅब निवडलं. ते मुख्यतः आतड्याकडे जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना तिथे शिरण्यापासून अडवतं, सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबत नाही. सलाईनमधून ३०० मिलिग्रॅम, अर्ध्या तासात होतं, पहिल्यांदा, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. चांगलं आहे पण सावकाश चालतं, परिणाम कळायला तीन महिने धरून चालावं लागतं. मध्ये स्टिरॉइड दर आठवड्याला ५ ने उतरवत होते आणि १५ वर आले तेव्हा संडासला परत रक्त दिसलं. दिवसातून पाच-सहा वेळा. मला वाटलं झालं, परत सगळं पहिल्यापासून. त्यात एक नवीन गोंधळ असा की आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये आतड्याच्या रक्तवाहिन्या सुजूनही पोटात कळ आणि रक्त येऊ शकतं, म्हणजे हे कोलायटिस आहे की तेच आहे. छोटी स्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, केली, त्यात कोलायटिसचंच दिसलं, तेही सौम्य. स्टिरॉइड आणखी तीन आठवडे १५ वर ठेवले, मेसालामाइनचे एनिमा जोडले, आणि पंधराव्या आठवड्याच्या आसपास रक्त थांबलं. चौदा महिन्यांचं जे सुख होतं तेवढं नाही अजून, दिवसातून दोन-तीनदा जावं लागतं, पण रात्री उठावं लागत नाही.

लघवी मात्र हळू सुधारली. लाल पेशी दहा, मग सहा, मग परत बारा, दर वेळी रिपोर्ट उघडताना हात थांबायचा. सात महिन्यांनी दोन-तीन आल्या आणि प्रोटीन निल. किडनीच्या डॉक्टरांनी तरी सोडलेलं नाही, दर तीन महिन्यांनी सकाळची पहिली लघवी, क्रिएटिनिन आणि बीपी. त्वचा स्वच्छ झाली म्हणून किडनीही स्वच्छ झाली असं धरायचं नाही हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि भावाला वेगळं सांगितलं, कारण माझ्यावर एकटीवर त्यांचा भरवसा नाही बहुतेक, आणि ते बरोबरच आहे.

बायोलॉजिक घेणारं कुणी हे वाचत असेल तर विनंती करते, कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, दाताच्या का असेना, आधी त्या इंजेक्शनचं नाव सांगा. आणि पायावर दाबून न जाणारे डाग आले तर त्याच आठवड्यात लघवीची साधी तपासणी करून घ्या, अर्ध्या दिवसात रिपोर्ट मिळतो. मी ती पहिल्या दिवशी केली असती तर.

जिथे दाट चट्टे होते तिथे आता तपकिरी डाग राहिलेत, ते महिनोन् महिने राहतात म्हणे. पोटरीवर बायोप्सीच्या दोन गोल खुणा आहेत. मोजे सैल इलॅस्टिकचे घेतलेत, आणि रात्री ते काढते तेव्हा मोठा दिवा लावूनच काढते.